व्हीलचेअर चढेल अशी रिक्षा बनवून देणारा कोणी आहे का?

विक्रोळीत राहतो, स्वतःची रिक्षा आहे, परमिट बॅज सगळं आहे. वडिलांना व्हीलचेअरवरून उचलून सीटवर बसवताना माझी कंबर गेली म्हणून डोक्यात आलं की मागून रॅम्प लावून घ्यावा आणि तशीच गाडी धंद्यालाही लावावी, कुर्ल्यात दोघा पत्रेवाल्यांना विचारलं, एक म्हणाला उद्या आण, दुसऱ्याने चहा पाजला आणि विषयच बदलला. कोणी केलंय का असं काम?

— मुलुंडकर
भाऊ मागून कसं करणार, इंजिन मागच्या सीटखालीच असतं ना. तिथे रॅम्प टाकायचा तर व्हीलचेअर इंजिनाच्या डोक्यावर! डाव्या बाजूने घडीचा रॅम्प बघ, पण दाराची रुंदी आणि खुर्चीची रुंदी दोन्ही टेपने मोजून घे आधी.

— पत्राकामवाला
२० वर्षं हूड आणि बॉडीचं काम करतोय. रेक्झिन, सीट, कॅरियर कितीही करून देईन, पण चासीला वेल्डिंग मारायला मला सांगू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगी न घेता बदल केला तर पासिंगला गाडी अडकते आणि तो उद्या आणवाला तेव्हा फोन उचलणार नाही. आधी आरटीओत लेखी अर्ज.

— मुलुंडकर
आणि वडिलांना परळच्या हॉस्पिटलला न्यायचं असेल तर विसर, सायनच्या पुढे रिक्षा चालतच नाही.

— मूळ प्रश्नकर्ता
अरे हो की! न्यायचं परळलाच आहे.