मदत हवी आहे: सात रेंडर मशिनांवर ब्लेंडरची एकच आवृत्ती कशी राखायची?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं छोटं ऑफिस आहे. बिल्डर आणि आर्किटेक्ट यांच्यासाठी इमारतींचे वॉकथ्रू, म्हणजे आतून फिरवून दाखवणारे थ्रीडी व्हिडिओ, करतो. सात मशिनं, एक नॅस (सगळ्यांच्या फाइल्स ठेवायची नेटवर्कवरची डिस्क) आणि साधा गिगाबिट स्विच. पाच मशिनांवर दिवसा मुलं मॉडेलिंग करतात आणि रात्री तीही रेंडरला, म्हणजे मॉडेलवरून चित्रं काढायला, लागतात. दोन जुनी मशिनं फक्त रेंडरचीच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनवर काम चालतं, फ्रेम्स मशिनांना वाटून द्यायला फ्लेमेन्को हा प्रोग्रॅम आहे. मशिनांचं सगळं मी बघते, पण माझं शिक्षण इंटिरियरचं, नेटवर्कचं नाही.

अडचण अशी. परवा एका बंगल्याचा वॉकथ्रू जोडून बघितला तर दिवाणखान्याची भिंत मध्येच एका फ्रेमपुरती भडक होते आणि लगेच पूर्ववत. थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. सेकंदाला २५ फ्रेम्स, त्यामुळे चालू व्हिडिओत नुसतं काहीतरी लुकलुकतंय एवढंच कळतं. एकेक फ्रेम उघडली तेव्हा भडक फ्रेम्स सगळ्या एकाच मशिनच्या निघाल्या. बाकीच्यांवर ब्लेंडर ४.२ आहे, त्याच्यावर ३.६. रेंडरचे रंग पडद्यावर कसे दिसावेत हे ठरवणारं एजीएक्स ४.० पासून आलं, ते ३.६ मध्ये नाहीच. तरी फाइल उघडते, रेंडर होते, कुठे अडत नाही. इशारा येतो तो लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, आणि रात्री दोन वाजता लॉग कोण वाचणार?

सध्या जो ज्या मशिनवर बसतो तो आपल्या सोयीनं अपडेट टाकतो. मला हे एका जागेवरून करायचं आहे. टेबलाटेबलाशी न जाता सगळीकडे तीच आवृत्ती, तेच अ‍ॅड-ऑन (ब्लेंडरला जोडायची जादा साधनं) कसे पोचवायचे? शिवाय विंडोजचा अपडेट होऊन मशीन रात्रीत आपोआप रीस्टार्ट होऊ नये, पण सुरक्षेचे अपडेट कायमचे बंदही करायचे नाहीत. नवरात्रात संध्याकाळ झाली की सगळे गरब्याला जातात, आणि दिवाळीआधीची डिलिव्हरी नेमकी त्याच रात्रींत रेंडर होते. सर्व्हर विकत घेण्याइतकं बजेट नाही.

प्रतिसाद १

ताई, मूळ बहुधा फ्लेमेन्कोच्या सेटिंगमध्ये आहे. मॅनेजरच्या (कामं वाटणाऱ्या भागाच्या) फाइलमध्ये ब्लेंडरच्या जागी नुसतं नाव असेल, तर वर्कर (प्रत्येक मशिनवरचा काम करणारा भाग) त्या मशिनवर जे ब्लेंडर सापडेल ते उचलतो. तिथे पूर्ण पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, द्या, आणि फोल्डरच्या नावातच आवृत्ती ठेवा. मग ज्या मशिनवर ते फोल्डर नाही तिथलं टास्क सरळ फेल होईल आणि सकाळी तुम्हाला लाल दिसेल. चुकीच्या रंगाची फ्रेम गुपचूप येण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

ब्लेंडर इन्स्टॉल करूच नका. झिप घ्या, नॅसवर उघडा आणि त्या फोल्डरमध्ये 'पोर्टेबल' नावाचं रिकामं फोल्डर करा. ४.२ पासून प्रेफरन्सेस आणि अ‍ॅड-ऑन त्यातच राहतात, म्हणजे सगळं एका गाठोड्यात. प्रत्येक मशिनवर टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम चालवणारं विंडोजचं साधन) रोबोकॉपी ही फोल्डर कॉपी करणारी आज्ञा लावून ते फोल्डर लोकल डिस्कवर उतरवा. मिरर पर्याय वापरताना डेस्टिनेशनचा पाथ नीट तपासा, कारण सोर्समध्ये नसलेलं तो पुसून टाकतो.

४.२ ही एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे. जुलै २०२४ मध्ये आली, दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. चालू प्रोजेक्टच्या मध्ये मोठी आवृत्ती बदलू नका, कितीही मोह झाला तरी.

विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह अवर्समध्ये (या वेळेत ते आपोआप रीस्टार्ट होत नाही) जास्तीत जास्त १८ तास धरता येतात. ऑफिसची वेळ घालायची नाही, संध्याकाळी ४ ते सकाळी १० अशी घाला. रीस्टार्ट सकाळी मुलं आल्यावर होऊ दे. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) याहून घट्ट बांधता येतं, होममध्ये ती सोय नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. एकच भर: फ्रेम्स पीएनजीऐवजी ओपन-ईएक्सआर या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये काढा. त्यात एजीएक्स चित्रात कायमचं मिसळलं जात नाही, रंग शेवटी एकदाच ठरतो. पण म्हणून आवृत्त्यांची भेसळ चालेल असं नाही. पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणारा प्रिन्सिपल्ड शेडरही ४.० मध्ये बदलला, त्यामुळे काच आणि पॉलिश वेगळी दिसू शकते.

जुन्या दोन मशिनांवर विंडोज १० आहे का? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सेटिंग उघडून पाहिलं, खरंच नुसतं नाव होतं. आता पूर्ण पाथ दिला आहे.

हो, जुन्या दोन्हींवर १० आहे आणि प्रोसेसर ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यांच्यावर लिनक्स घातलं तर फ्लेमेन्को सांभाळून घेईल का? आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सगळीकडे एकदम बदलावा का?

प्रतिसाद १

घेईल. विंडोज आणि लिनक्ससाठी वेगवेगळे पाथ त्याच फाइलमध्ये लिहिता येतात, नॅसचा पाथसुद्धा. ब्लेंडर मात्र नंबरापर्यंत तेच ठेवा.

ड्रायव्हर आधी एकाच मशिनवर, तोही स्टुडिओ ड्रायव्हर (खेळांपेक्षा ग्राफिक्सच्या कामासाठीचा). पहिल्या रेंडरला कर्नल (ग्राफिक्स कार्डावर चालणारा रेंडरचा कोड) लोड व्हायला काही मिनिटं लागू शकतात, घाबरू नका. मग त्याच बंगल्याची एक फ्रेम, सीड (रेंडरमधल्या दाण्यांची मांडणी ठरवणारा आकडा) न बदलता, नव्या आणि जुन्या ड्रायव्हरवर काढून एकावर एक ठेवून डिफरन्स बघा. सगळं काळं आलं, म्हणजे फरक नाही, की बाकीच्या मशिनांवर टाका, शक्यतो शनिवारी दुपारी, रात्रीचं रेंडर लावायच्या आत.