लेझरने तापवून लिहिणारी हार्डडिस्क: क्युरी तापमानातला ३ टक्के फरक एवढा का नडतो?

मुक्ता_औंध:
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सिम्युलेशन करतेय. माध्यम लोह-प्लॅटिनम, कण ७ नॅनोमीटरचे, क्युरी तापमान (ज्याच्यावर कणाचं चुंबकत्व नाहीसं होतं) ७०० केल्विन धरलंय. सगळे कण एकसारखे ठेवले की बिटांच्या सीमा स्वच्छ येतात. अ‍ॅनिसोट्रॉपीत (कणाचं चुंबकत्व एकच दिशा किती घट्ट धरून ठेवतं त्यात) १० टक्के फरक टाकला, फारसं बिघडलं नाही. पण क्युरी तापमानात ३ टक्के टाकला आणि सीमा उंदराने कुरतडल्यासारखी झाली. तीन दिवस कोडमधली चूक शोधतेय.

सदाशिवपेठी_काका:
मुक्ता, चूक नाही. थंड माध्यमावर हेडच्या, म्हणजे लिहिणाऱ्या टोकाच्या, टेस्लाभर चुंबकीय क्षेत्राचं काही चालत नाही, कण उलटवायला कित्येक टेस्ला लागतात. क्युरी तापमानाला मात्र अ‍ॅनिसोट्रॉपी शून्यावर येते. म्हणून खरं लिहिणं होतं ते निवताना. संक्रांतीचे लाडू हात भाजत असतानाच वळावे लागतात ना, पाक आळला की संपलं, तसं. कणाची चुंबकीय दिशाही निवताना अशीच आळते, म्हणजे पक्की होते.

आता हिशेब कर. ७०० चे ३ टक्के म्हणजे २१ केल्विन. तापमानाचा उतार नॅनोमीटरला १० केल्विन धरला, तर कण आपल्या जागेच्या २ नॅनोमीटर पुढेमागे आळतो. अख्खा बिटच दहा-पंधरा नॅनोमीटरचा! अ‍ॅनिसोट्रॉपीचं तसं नाही. कण क्युरी तापमानाच्या ३०-४० केल्विन खाली आळतो असं समज. १० टक्क्यांनी त्यातले ३-४ केल्विनच सरकतात.

मी बावीस वर्षं पातळ थर बसवलेत. हे थर सुमारे ६०० अंशांना तापवलेल्या काचेवर बसवतात, कारण लोहाचे आणि प्लॅटिनमचे अणू आलटूनपालटून थरांत लागायला हवेत. सूक्ष्मदर्शकाखाली एक कण छान गोल दिसतो आणि शेजारचा दोन चिकटल्यासारखा लांबट. अणूंची ती रांग जिथे अर्धवट राहते, तिथे क्युरी तापमान घसरतं.

कोथरूड_८७:
शिवाय लहान कणाचं क्युरी तापमान मुळातच कमी असतं. आकार आणि क्युरी तापमान वेगवेगळे रँडम काढू नकोस, आकारावरून तापमान काढ. कमी क्युरी तापमानाचे कण शेजारच्या ट्रॅकवर लिहितानाही पुसले जातात, तेही मोज.

मुक्ता_औंध:
काका, मग उतार दुप्पट केला तर?

सदाशिवपेठी_काका:
सीमा सुधारेल, पण वेळ कमी पडेल. डिस्क हेडखालून सेकंदाला २० मीटर वेगाने जाते, म्हणजे नॅनोसेकंदाला २० नॅनोमीटर. आत्ताच ३० केल्विन उतरायला ०.१५ नॅनोसेकंद मिळतो, तो निम्मा होईल. मग क्षेत्र कमी पडलं की बिटच्या मधोमधचेच काही कण उलटे आळतात. सीमेवरचा आणि मधला गोंगाट (सिग्नलमधली गडबड) वेगवेगळा मोज, नाहीतर कशाने काय बिघडलं ते कळणार नाही.

मुक्ता_औंध:
दोन्ही एकाच आकड्यात मोजत होते मी! वेगळं करून आज रात्री रन लावते.