मदत हवी आहे : पुतण्याला धारोष्ण दूध पचेनासे झाले आहे

शिवाजीपेठकर :
माझा पुतण्या तालमीत जातो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दिलेले म्हशीचे दूध तो रोज संध्याकाळी पितो. मात्र गेले काही दिवस दूध पोटात गेल्यावर तासाभरात त्याचे पोट नगाऱ्यासारखे ताणते, गुडगुड सुरू होते आणि पातळ शौचाला होते. म्हशीचे दूध स्निग्धांशामुळे जड पडते, म्हणून गायीचे सुरू करावे का? दूध बंद करायचे नाही असे वस्तादांनी बजावले आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

रंकाळ्याकाठी :
वय किती, एका वेळी दूध किती पितो, त्रास नेमका केव्हापासून आहे, दही-ताक चालते का आणि वजन कमी झाले आहे का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तालीमप्रेमी :
दूध उकळून त्यात सुंठ घालावी. उकळल्याने दुधाचा जडपणा जातो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

जीवरसायन :
कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार होऊ शकतात, म्हणून उकळण्याचा आग्रह योग्यच आहे; पण उकळल्याने दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी होत नाही. आपले आतडे कर्बोदके सुट्या साखरेच्या रूपातच शोषते. भाकरीतल्या स्टार्चचे तुकडे करण्याचे काम लाळेतील अमायलेज हे विकर (पचन घडवणारे एन्झाइम) तोंडातच सुरू करते, पुढे स्वादुपिंडातील अमायलेज ते चालू ठेवते, आणि शेवटची फोड लहान आतड्याच्या अस्तरावरील विकरे करतात. तिथलेच लॅक्टेज हे विकर लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन भाग करते. ते कमी पडले, की न फुटलेले लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जीवाणू ते आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार करतात. पोट ताणणे आणि पातळ शौच ही दोन्ही लक्षणे यातून उद्भवतात. गायीच्या दुधातही लॅक्टोज जवळपास तेवढेच असते, त्यामुळे केवळ जनावर बदलून उपयोग नाही.

शिवाजीपेठकर :
वय 17 आहे. दूध एका दमात लिटरभर पितो. दही-भात व्यवस्थित चालतो. मागच्या महिन्यात जत्रेहून आल्यावर त्याला चार दिवस जुलाब झाले होते. ते केव्हाच थांबले, म्हणून लिहिले नव्हते.

जीवरसायन :
नेमके हेच कळायला हवे होते. लॅक्टेज आतड्यातील रसांकुरांच्या, म्हणजे अस्तरावरील बोटांसारख्या बारीक उंचवट्यांच्या, टोकाकडे असते, आणि जुलाबात तेच अस्तर आधी खरवडले जाते. इतर विकरांच्या मानाने लॅक्टेज भरून यायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे जुलाब थांबल्यावरही काही आठवडे दूध बाधू शकते. त्यातून लिटरभर दुधात सुमारे 50 ग्रॅम लॅक्टोज असते, आणि लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी साधारण 12 ग्रॅम, म्हणजे पेलाभर दूध, सोसते. दह्यातील जीवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेले फोडायलाही त्यांचे विकर हातभार लावते.

गुऱ्हाळघर :
साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ घालून द्यावे. गूळ पचायला हलका असतो.

रंकाळ्याकाठी :
दुधात साखर घालतात असे धागाकर्त्याने कुठेच म्हटलेले नाही. शिवाय गूळही मुख्यतः सुक्रोजच आहे, ते फोडणारे विकर वेगळे आहे, आणि इथे प्रश्न लॅक्टोजचा आहे. वजनाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

तालीमप्रेमी :
सुंठेने मला गुण आला होता, हे मी पुन्हा नमूद करतो.

जीवरसायन :
सुंठेने गॅसचा त्रास थोडा कमी जाणवला असेल, हे मी नाकारत नाही. पण ती लॅक्टेजची जागा घेत नाही, आणि त्या भरवशावर लिटरभर दूध चालू ठेवणे मला पटत नाही.

शिवाजीपेठकर :
आत्ताच तालमीच्या काट्यावर वजन करून आणले. महिन्यात तीन किलो उतरले आहे.

जीवरसायन :
मग सगळा दोष दुधावर टाकून थांबू नका. जुलाब थांबल्यावरही वजन उतरत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा, शौचातून रक्त जाते का हे मुलाला स्पष्ट विचारा, आणि लॅक्टोज पचते का हे पाहणारी श्वासातील हायड्रोजनची चाचणी करावी का, हेही डॉक्टरांना विचारा. तोवर कट्ट्यावरचे दूध थांबवून दही-ताक चालू ठेवावे.

शिवाजीपेठकर :
उद्या सकाळची वेळ घेतली आहे. वस्तादांशी मी स्वतः बोलतो.