मदत हवी आहे: हॉलमधलं पीओपीचं फूल स्लॅबपासून सुटायलंय

मांजराकाठ
लातूरला घराचं काम संपत आलंय. हॉलच्या कॉर्निसला (भिंत-छताच्या कोपऱ्यातली नक्षीची पट्टी) जोडाजोडावर चिरा पडल्यात आणि छताच्या मधलं फूल (नक्षीची गोल चकती) एका बाजूने बोटभर खाली आलंय. कारागीर फोन उचलत नाही. पुढच्या गुरुवारी वास्तुशांती, पत्रिका वाटून झाल्यात. चिरा कशाने भरू? लवकर सांगा.

रंगारीकाका
वर स्लॅब आहे की पत्रे? माल साच्यात ओतून वाळवून बसवला की जागेवर ओढला? आत काथ्या आहे का? फूल केवढं? एवढं तरी लिहा.

मांजराकाठ
स्लॅब. तुकडे साच्यातले, काथ्या घातलेले. फूल 3 फुटांचं. चिरा कशाने भरायच्या तेवढं सांगा ना.

जिप्समवाला
काढून टाका सगळं. चॅनल मारून जिप्सम बोर्ड लावा, 2 दिवसांत मोकळे. माझ्या घरी तेच आहे, एक चीर नाही.

रंगारीकाका
बोर्डावर ती वेलबुट्टी कुठून आणणार? काथ्याचा माल वाईट नसतो, बसवणारा घाई करतो. ओला तुकडा चढवला की वाळताना जोड उघडणारच. चीर नुसत्या पुट्टीने भरू नका, महिन्यात परत दिसेल. जोड पत्रीने खरवडून मोकळा करा आणि पाण्याने भिजवा. कोरडं प्लास्टर नव्या मालातलं पाणी ओढून घेतं, मग तो धरत नाही. भिजवल्यावर काथ्याचे धागे पीओपीत बुडवून दाबून भरा. पीओपी पाण्यात भुरभुरवायचं, पीओपीवर पाणी ओतायचं नाही. घमेल्यात आधीचा घट्ट झालेला माल राहिला असेल तर नवा लगेच आवळतो, घमेलं धुऊन घ्या.

वाडाप्रेमी
काथ्याला कमी लेखू नका. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे सापडलेत. आपल्या मुलखात धागा घालून गिलावा बांधायची रीत निदान तेव्हापासूनची आहे. मी तर म्हणेन, हॉलला चुन्याचाच गिलावा करा.

जिप्समवाला
गुरुवारपर्यंत चुना वाळतो का? किल्लारीचा भूकंप विसरलात काय? लातुरात डोक्यावर जड काही नकोच.

वाडाप्रेमी
1993 ला माणसं गेली ती दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली. त्याचा फुलाशी काय संबंध?

साइट_इंजिनिअर
भांडण बाजूला ठेवा. चिरांचं नंतर बघू, आधी फुलाचं. एवढं फूल 15-20 किलोचं सहज भरतं. ते कशाने धरलंय? तार, स्क्रू, की नुसते पीओपीत बुडवलेले काथ्याचे गोळे? आणि झुंबर कशाला टांगलंय? लंडनच्या अपोलो थिएटरचं छत डिसेंबर 2013 मध्ये चालू प्रयोगात कोसळलं, 70हून अधिक लोक जखमी झाले. त्या छताला धरणारे तागाच्या कापडाचे बंध जुने होऊन कमजोर झाले होते. खालून काहीच दिसत नव्हतं.

मांजराकाठ
झुंबराचं लिहायचं राहिलं. स्लॅबचा हुक फुलाच्या मध्यात येत नव्हता, म्हणून त्याने फुलातच 4 स्क्रू मारून टांगलं. झुंबर 9 किलोचं.

साइट_इंजिनिअर
मेन स्विच बंद करून आत्ताच झुंबर उतरवा. पोरांना हॉलमध्ये जाऊ देऊ नका. फुलाला खालून फळी आणि बल्लीचा टेकू द्या. मग बोटाच्या पेराने ठोकून पाहा, बद्द आवाज येईल तिथे सुटलंय.

रंगारीकाका
हेच आधी लिहायला पाहिजे होतं हो दादा.

मांजराकाठ
उतरवलं. वायरमन आणि भाऊ होते म्हणून जमलं. टेकू देताना फूल हलत होतं, शेवटी दोघांनी धरून खालीच घेतलं. 6 गोळ्यांपैकी 2 स्लॅबला चिकटलेले, बाकी 4 फुलाबरोबर आले. त्यांचा वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत, त्यावर प्लायच्या रेषा उमटल्यात. स्लॅबला टाचे (माल धरावा म्हणून मारायच्या खाचा) मारलेलेच नाहीत. बायको सकाळपासून त्याखाली बसून धान्य निवडत होती.

साइट_इंजिनिअर
स्लॅब ओतताना सेंट्रिंगच्या प्लायला लावलेलं तेल स्लॅबला राहतं, त्यावर गोळा कधीच धरत नाही. आता स्लॅब टोचून घ्या, फुलाला 6 भोकं पाडा, स्लॅबमध्ये फिशर (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी) घालून रुंद वॉशरचे गंज न धरणारे स्क्रू मारा. साधा खिळा ओल्या पीओपीत गंजतो आणि रंगातून तांबडा डाग वर येतो. झुंबरासाठी स्लॅबलाच वेगळा अँकर. कॉर्निसही हाताने ढकलून पाहा, तोही त्याच माणसाने बसवलाय.

मांजराकाठ
पाहिला. पूर्वेकडचा 8 फुटांचा तुकडा हलायलाय. उद्या तोही उतरवतो. वास्तुशांती फुलाविना झाली तरी चालेल. लातुरात काथ्याचं काम जाणणारा कोणी असेल तर व्यनि करा.

जिप्समवाला
बोर्डाचा दर पाठवू का?