थंडीत सकाळी इंजिन घेत नाही, परतताना होडी चिखलात बसते

खाडीकाठ
मंडळी, दाभोळ खाडीत आम्ही पाच मित्र दर रविवारी होडी काढतो. १५ फुटी फायबर, ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, पावसाळाभर शेडमध्ये झाकून ठेवलेलं. आता सकाळी दोरी ओढून हात भरून येतात. चालू झालंच तर पाच मिनिटांत बंद. शिवाय गेल्या रविवारी षष्ठीला सातला निघालो आणि साडेदहाला होडी धक्क्यासमोरच चिखलात बसली. कोणी उतरून ढकलायचं यावरच पाऊण तास गेला. काय करावं?

वल्हेकरी
पाच मिनिटांत बंद पडतं ना, मग आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल यायचं थांबतं. नळीवरचा रबरी पंप चपटा झालेला दिसला तर हेच कारण.

पावसाळ्याआधीचं पेट्रोल मुळीच वापरू नका. इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेतलं पाणी धरतं आणि ते तळाशी साचतं. टाकी आणि कार्बोरेटरची वाटी, दोन्ही रिकामी करा. नव्या १० लिटरला २०० मिली टू-स्ट्रोक मरीन ऑइल. इंजिनाच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा.

गिअर न्यूट्रल, किल स्विचची (इंजिन तोडणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर, पंप घट्ट होईपर्यंत दाबा, चोक ओढा, मग दोरी. एकदा फुरफुरलं की चोक आत. चोक तसाच ठेवून ओढत राहिलात तर प्लग भिजणारच. मग क्लिप काढून, प्लग उघडून पुसा, चोक आत ठेवून चार-पाच वेळा दोरी ओढा आणि प्लग परत बसवा. क्लिप काढायला विसरू नका, उडालेल्या पेट्रोलजवळ ठिणगी नको.

भरती_ओहोटी
इंजिन सुधारेल, पण वेळ घड्याळावर ठरवलीत तर चिखल सुटणार नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. षष्ठीला साडेचार, त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे पावणेअकरा. तुम्ही नेमके सुकतीला परतलात. येत्या रविवारी त्रयोदशी, भरती पावणेदहाच्या सुमारास. आठला चढत्या पाण्याबरोबर निघा, अकराच्या आत परत. आत चिपळूणकडे जाल तशी भरती उशिरा पोचते, हे धरून चला.

धुकं असेल तर थांबाच. दाभोळ–धोपावे फेरीबोटीची वाट धुक्यात ओलांडणं धोक्याचं आहे.

खाडीकाठ
आणि तरी बसलीच तर?

वल्हेकरी
इंजिन लगेच बंद करून वर उचला. थंड पाण्याच्या वाटेत गाळ गेला की धार थांबते आणि इंजिन तापतं. सगळे खोल पाण्याच्या बाजूला सरका, पण बसूनच. एका कडेला पाचही जण उभे राहिले तर होडी कलंडेल. नांगर खोल पाण्यात टाकून दोर ओढा, वल्ह्याने गाळाला रेटा द्या. पाणी उतरतं असेल तर हे पहिल्या काही मिनिटांतच जमतं.

ढकलायला कोणीच उतरू नका. गाळात पाय मांडीपर्यंत जातो, कालवांनी तळवे फाटतात. याच खाडीला येणाऱ्या वाशिष्ठी नदीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत आणि थंडीत त्या उन्हाला गाळावरच येऊन पडतात. नाही निघाली तर नांगर तसाच ठेवून भरतीची वाट बघा.

भरती_ओहोटी
उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या पाण्याच्या, ऐन भरतीला मात्र काठावर चढवू नका. पुढच्या भरत्या कमी-कमी होत जातात, होडी पुढच्या उधाणापर्यंत अडकू शकते.