बिनपरवाना सावकारीची प्रकरणं: काय टिकतं, कुठे फसतं?

खासगी सावकाराचं कर्ज, कोरे चेक, खरेदीखतात गेलेली जमीन अशी प्रकरणं ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांनी कामाचं तेवढं इथे लिहावं.

सहकार खात्यातील निवृत्त अधिकारी

अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे द्या. ‘जाच करतो’ एवढ्यावर चौकशी पुढे सरकत नाही. घेतल्याची तारीख, रक्कम, शेकडा किती, कोणासमोर, तारण काय, परतफेड कशी केली, सगळं लिहा. झडतीत सह्या केलेले कोरे चेक आणि स्टँप सापडतात. पंचनाम्यात प्रत्येक चेकचा नंबर आणि बँक आलीच पाहिजे. ‘काही चेक मिळाले’ असं मोघम लिहिलं की तो कागद कोर्टात पांगळा पडतो. परवान्याशिवाय सावकारीला महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी (नियमन) कायद्याच्या कलम 39 खाली 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तालुका कोर्टातील वकील

सावकाराने वसुलीचा दावा लावला तर कर्ज दिलं तेव्हा परवाना होता का, हा पहिला प्रश्न. नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 13 मुळे हुकूमनामा मिळत नाही. म्हणून हल्ली दावा कोणी लावत नाही, चेक वटवायला टाकतात. चेक परत आल्यावरच्या नोटिशीला 15 दिवसांत उत्तर द्याच, त्यात परवाना नसल्याचं आणि चेक तारण म्हणून दिल्याचं लिहा. सही मान्य झाली की देणं आहे असंच कायदा गृहीत धरतो, चेक कोरा दिला असला तरी. ते खोडण्याची जबाबदारी आरोपीवर, म्हणजे चेक देणाऱ्यावर.

एकदा दिलेली उसनवारी म्हणजे सावकारी नव्हे; धंदा दाखवावा लागतो. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर फिर्यादीचं, म्हणजे चेक टाकणाऱ्या सावकाराचं, नाव टाकून शोधा. त्याच्याच चेकच्या केसेस वेगवेगळ्या लोकांवर निघाल्या तर त्यांच्या फिर्यादींच्या सहीशिक्क्याच्या नकला काढून उलटतपासात समोर ठेवा. उलटतपासातला सर्वांत भक्कम कागद हाच. आणि ‘20 हजारांवर रोख दिले म्हणून कर्जच बेकायदा’ या बचावावर विसंबू नका. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो नाकारला आहे.

जमिनीची प्रकरणं पाहणारा कार्यकर्ता

सावकारी कायद्याच्या कलम 18 खाली जिल्हा निबंधकांना 15 वर्षांच्या आतलं खरेदीखत तपासता येतं. चौकशीत वजन पडतं ते असं: खरेदीनंतरही सातबाऱ्यावर पीक मूळ मालकाच्या नावे, रेडी रेकनरपेक्षा (सरकारी दरापेक्षा) फार कमी किंमत, त्याच दिवशी साध्या स्टँपवर ‘पैसे दिल्यावर परत खरेदी’चा लेख. तो लेख बहुतेकदा सावकाराकडेच राहतो. लिहितानाच फोटो काढा. आदेश विरोधात गेला तर महिन्याच्या आत विभागीय सहनिबंधकांकडे अपील.

हिशेब तपासणारा

शासनाने ठरवलेले वार्षिक दर: शेतकऱ्याला तारणी 9, विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18. ‘शेकडा 5’ महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला 60! हप्ता सावकाराच्याच खात्यावर टाका, भाच्याच्या नको. शेऱ्यात ‘व्याज’ लिहा. रोख दिलेले हप्ते सिद्ध करताना माणसं हतबल होतात.