कोजागिरीच्या भूत-पार्टीत कोणती गाणी? (आणि डुकरं कशानं पळतात)

धुऱ्यावरून
काल आपल्याच गावच्या पोट्ट्यानं टाकलं: ‘कोजागिरीले समाजमंदिरापुढं भूत-पार्टी. सगळ्यायनं वेश करून यायचं. गान्यायची लिस्ट रेडी हाये, सगळी बेसवाली. जुनी रडकी गानी कोनी सुचवू नये, त्यानं भीती नाही, झोप येते.’

रडकी म्हणजे कोणती, तेही खाली लिहून ठेवलं. ‘आएगा आनेवाला’, ‘कहीं दीप जले कहीं दिल’ आणि ‘रात्रीस खेळ चाले’. रात्रभर सोयाबीनच्या गंजीपाशी बसून होतो, तसाही जागाच होतो. म्हणून लांबलचक लिहितो, वाचायचं तर वाचा.

बावा, ‘आएगा आनेवाला’ ज्यात आहे तो ‘महल’ सिनेमा १९४९ चा. आवाज लांबून जवळ येतो हे दाखवायला तेव्हा मशीन नव्हतं. माईक खोलीच्या मधात ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. हे त्यांनीच सांगितलेलं आहे. भीती त्या चालण्यात आहे. कोणीतरी येऊन राहिलं, अजून आलं नाही. तुझ्या बेसमध्ये तो येऊन, जेवून, हात धुऊन बसलेला असते. आणि रेकॉर्डवर गाणारीचं नावही नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं छापलं होतं, कामिनी. लोक रेडिओला विचारत बसले, ही बाई कोण म्हणून. याहून भूत वेगळं काय असते?

निशाचर पोट्टा
काका, इतिहास भारी हाये. पन माह्या पार्टीत पन्नास पोट्टे तोंडाले चुना फासून उभे रायतीन, अन् तुमी म्हनता चालत येनाऱ्या बाईची वाट पाहा. नाचायचं कवा? अन् ‘रात्रीस खेळ चाले’ तर सीरियल हाये. त्याचं गानं कोनतं?

धुऱ्यावरून
सीरियल २०१६ ची. गाणं १९७६ चं, ‘हा खेळ सावल्यांचा’ मधलं. शब्द सुधीर मोघ्यांचे, चाल हृदयनाथांची, आवाज महेंद्र कपूरचा. सीरियलनं नाव उसनं नेलं. तुझा बाप ते गुणगुणत बंडी हाकायचा, त्याला विचार.

पुण्यातला विदर्भी
मला दोघांचंही पटत नाही. मराठीत भूत म्हटलं की कोकण. माड, आड, पडका वाडा आणि कंदील घेतलेली म्हातारी. आमच्याकडे काय भुतं नाहीत? पळसाच्या रानात चकवा लागून माणूस पहाटेपर्यंत एकाच नाल्याभोवती फिरते, त्यावर आहे का एक तरी गाणं? सिनेमावाल्यांनी अनुशेष ठेवला तो इथंही.

निशाचर पोट्टा
दादा, तुमी पुन्याले जाऊन सात वर्सं झाले. तुमालेच चकवा लागला. 😂

शाळेच्या बाई
गाणी कोणती हा प्रश्न नंतरचा, दिवस कोणता ते आधी पाहा. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि कोजागिरी त्यांचा शेवटचा दिवस. गेल्या वर्षी मुली माझ्या ओट्यावर खिरापत ओळखायला बसल्या होत्या. डबा हलवून आतला आवाज ऐकायचा आणि सांगायचं, फुटाणे की लाह्या की खोबरं. समोर तुमचा डीजे सुरू. आठ वर्षांची पोर डबा कानाला लावून हलवते आहे आणि तिला काही ऐकूच येत नाही. शेवटी झाकण उघडून दाखवावं लागलं. मग कसली खिरापत? आणि हॅलोविनची एवढी हौस असेल तर ते ३१ ऑक्टोबरला असतं, तेव्हा करा. वेशाची हौस तान्ह्या पोळ्याला भागत नाही वाटतं?

बेसवाला
बाई, डीजे माझा होता. डब्याचं वाईट वाटलं, खरंच सांगतो. पण मले कोनी सांगितलं का, आवाज कमी कर म्हनून? उलट मंडळाचे लोक येऊन म्हनत होते वाढव, वाढव. अन् वाढवल्याचे तीन हजार अजून बाकी हायेत. भूत-पार्टी करनाऱ्यायनं आधी ते द्यावं. सर्वात भयानक गानं तेच हाये, ‘उद्या देतो भाऊ’.

निशाचर पोट्टा
तीन नाही, अडीच. पाचशे नगदी दिले होते, साक्षीदार हाये.

शाळेच्या बाई
पैशाचं तुम्ही पाहा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम आहे. दूध ओठाला लागणार बाराला. म्हणजे तुमची भुतं दहालाच घरी.

बेसवाला
नियम फक्त डीजेले का? पांदनीनं जाऊन पाहा. रातभर वावरात भोंगे सुरू असतात. अन् सर्वात मोठा भोंगा काकाच्याच वावरात हाये, ज्यायले लताबाईचं चालनं आयकू येते.

धुऱ्यावरून
माझा भोंगा नाचायला नाही. एका रात्री रानडुकरं अर्धा एकर फल्ली उकरून गेली. सकाळी पाहिलं तर नांगरट केल्यासारखं. त्याचा पंचनामा करत बसू की भोंगा लावू? तू डुकरांना नियम वाचून दाखव, मी आज काढतो.

पुण्यातला विदर्भी
त्याच आवाजाला डुकरं सरावतात ना पण? आमच्या काकानं वाघाची डरकाळी लावली होती. आठ दिवस पळाली, नवव्या दिवशी स्पीकरखालीच बसली.

रातचा ओलितकरी
वाघाचं नको. खरा आला म्हनजे? टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूनं वावर हाये आपलं. माह्या धुऱ्यावर जुन्या लुगड्याचं कुंपन हाये, ते एक महिना चालते. फटाके दोन दिवस. टीनाचा डबा वाजवला तर मानूस थकते, डुक्कर थकत नाही. गान्यात म्हनाल तर डुकराले काही समजत नाही, मी सारे लावून पायले. लावनीवर तर रोही, म्हनजे नीलगाय, येऊन उभा रायला.

निशाचर पोट्टा
पांढरकवड्याकडं २०१८ ले वाघिनीले बोलवाले सेंट लावलं होतं, आठवते? तिकडं सेंट, इकडं लावनी. आपल्या जिल्ह्यात जनावरायचीच पार्टी होते. माह्या लिस्टवर कोनी बोलते का आता?

रातचा ओलितकरी
थांब रे. भोंग्यावरून आठवलं. परसालच्या कार्तिकात मले रातची लाईन होती. साडेअकराले मोटर सुरू कराले गेलो. नाल्यापाशी गाडी बंद केली अन् पलीकडून हाक आली, ‘हुर्रर्र, हो, निंघ तिकडं!’ आवाज वयखीचा. अख्ख्या गावाच्या वयखीचा. तो मानूस तं पोळ्यालेच गेल्ता, मी सोता मातीले होतो. गाडी तिथंच टाकली अन् पायी घरी आलो. बायकोले अजून सांगितलं नाही, मोटर बिघडली म्हनलो. हरभऱ्याले पानी आठ दिवस उशिरा भेटलं त्याच्यानं. आता म्हना मले भेकड. ज्यायनं आयकलं त्यायले माहीत. त्याच्यापुढं तुमची बाई न् बेस दोनी पानी भरते.

पुण्यातला विदर्भी
हेच म्हणत होतो! आपली भुतं! यावर गाणं पाहिजे.

शाळेच्या बाई
गाणं पाहिजे म्हणे. अशाच गोष्टींतून उद्या कुणाच्या तरी अंगणात लिंबू सापडतं आणि एखाद्या एकट्या बाईवर करणीचा आळ येतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही हौसेनं केला नाही. गाडगेबाबा-तुकडोजींच्या मुलखात राहतो आपण. ओलितकरी भाऊ, तुम्ही घाबरलात यात काही नाही, पण तिथं काहीतरी वाजत असणार, एवढं तरी डोक्यात घ्या.

रातचा ओलितकरी
बाई, तुमी रातच्या बारा वाजता नाल्यापाशी या, मंग कायदा वाचून दाखवा.

धुऱ्यावरून
बस करा.

तो आवाज माझ्या भोंग्यातला आहे. बाबा होते तेव्हा एकदा मोबाइलवर धरला होता, डुकरं हाकलताना. गाणी लावली, कुत्र्याचं भुंकणं लावलं, काही टिकलं नाही. मग हे लावलं. माणसाचा आवाज आहे आणि बाबा दर वेळी वेगळं ओरडत, म्हणून असेल, पण डुकरं सरावत नाहीत. पाऊण तासाचं आहे. मधात ते खोकलतात आणि मला म्हणतात, ‘झोप तू, मी हाओ.’ ते काढून टाकता आलं असतं. काढलं नाही.

ओलितकरी, तू घाबरशील हे डोक्यात आलं नाही. हरभऱ्याचं ऐकून वाईट वाटलं.

रातचा ओलितकरी
काकाजी, आधी सांगाले काय झालं होतं? वरीसभर मी लांबच्या वाटेनं जाऊन रायलो. पेट्रोल कोन देईन?

…बाकी आवाज बराबर तसाच हाये. बुढ्याचा.

निशाचर पोट्टा
काका, रागावू नका. ते पार्टीत दोन मिनिटं लावलं तर?

धुऱ्यावरून
नाही.

निशाचर पोट्टा
बरं. नाही तं नाही. सुरुवातीले तुमची चालत येनारी बाई लावतो, लाईट बंद करून. मंग आमचं बेस. पोट्टे झोपले तर तुमी जबाबदार.

शाळेच्या बाई
आणि आठपर्यंत भुलाबाई. तोवर स्पीकरला हात लावायचा नाही.

बेसवाला
चालते. आठ ते दहा मी. अडीच हजार आधी. दहाले मी बंद करतो, मंग तसंही काकाचं वावर समाजमंदिरापर्यंत आयकू येते.